ढोली असलेलं झाड मेलेलं नसतं : वृक्ष प्राधिकरणांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य, वृक्ष प्राधिकरण,
राज्यातल्या सर्व महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायती

स. न. वि. वि.

या आठवड्यात आमच्या गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबावर उद्यान खात्याचा कागद चिकटला. कारणाच्या रकान्यात तीनच शब्द आहेत : 'पोकळ व धोकादायक'. गेल्या एप्रिलमध्ये हेच शब्द माझ्या घरासमोरच्या रेन ट्रीवर लागले होते. तेव्हा मी कागद वाचला, घरात आले आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. म्हणून या वेळी झाड पडायच्या आधी लिहिते आहे, आणि चार लोकांसमोर लिहिते आहे.

शहराचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. हे एकाच गावापुरतं असतं तर मी तिथल्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. पण निरनिराळ्या शहरांतल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलले, तर प्रत्येकाने थोड्याफार फरकाने हीच गोष्ट सांगितली. मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवलं. झाडं आणि पक्षी हा माझा पोटापाण्याचा विषय होता, आता निवृत्तीनंतर तो दिवसभराचा झाला आहे.

आधी गेल्या एप्रिलमध्ये काय झालं ते सांगते.

सकाळी साडेनऊला ट्रक आला. दुपारपर्यंत फांद्या उतरल्या आणि मग मुख्य खोडाचा वरचा तुकडा दोराने न पेलता तसाच सोडून दिला. तो रस्त्यावर आदळला आणि उभा चिरला. आवाज ऐकून मी खाली गेले. ढोली मी वर्गात फळ्यावर कितीतरी वेळा काढली होती, पण आतून पाहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. तोंड एवढंसंच, माझी मूठ जेमतेम जाईल इतकं, आणि त्याच्या कडा चोचीने कुरतडून गुळगुळीत केलेल्या. आत हातभर खोल पोकळी. तळाशी कुजलेल्या लाकडाचा तांबूस, कोरडा भुसा. मी हात घातला तेव्हा तो ऊबदार लागला. त्यात अंड्याच्या कवचाचे दोन-तीन पांढरे तुकडे आणि तीन पिल्लं.

तिघांचे आकार वेगवेगळे होते. पोपटाची मादी सगळी अंडी एका दिवशी घालत नाही, आणि शेवटच्या अंड्याची वाट न पाहता उबवायला बसते. त्यामुळे पिल्लंही मागेपुढे बाहेर येतात. थोरल्याच्या पंखांवर हिरव्या पिसांचे कोंब नळ्यांतून फुटत होते. धाकट्याचं अंग अजून उघडं होतं, डोळे नुकते किलकिले झालेले. मधलं मी उचललं. त्याने माझं बोट पकडलं, पोपट फांदी पकडतो तसं, दोन बोटं पुढून आणि दोन मागून.

बाकीची दोन तोडणाऱ्या मुलांनी सिमेंटच्या गोणीत ठेवली. त्यातला एक मला समजावून म्हणाला, "बाई, ही वाया नाही जात, यांचे पैसे येतात." मी मुकादमाला म्हटलं, हे थांबवा. तो शांतपणे म्हणाला, "ढोलीतली पिल्लं तोडणाऱ्याची. पहिल्यापासून तसंच आहे." त्या मुलांवर माझा राग नाही. दिवसभर चाळीस फुटांवर दोराला लटकून जी मजुरी मिळते त्यात दोन पैशांची भर पडत असेल तर ती मुलं ते घेणार. राग आहे तो त्यांना कोणीच काही सांगितलेलं नाही याचा.

माझ्या हातातलं पिल्लू संध्याकाळी सहाच्या सुमारास गेलं. आत कुठेतरी मार लागला असावा. नर आणि मादी पुढे आठवडाभर येत राहिली. झाड नव्हतं, पण ढोली ज्या उंचीवर होती त्याच उंचीवर, रिकाम्या हवेत ती घिरट्या घालायची आणि मग समोरच्या तारेवर बसून ओरडायची.

मी तीन पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं, एका ओळीचं : 'सदर वृक्ष धोकादायक असल्याने नियमानुसार कार्यवाही करण्यात आली आहे.' पिल्लांचा उल्लेखही नाही. तिथेच मला कळलं की तुमच्या कागदांत पिल्लांना जागाच नाही, उल्लेख येणार कुठून?

माझं या पक्ष्याशी नातं काय, तेही सांगायला हवं. माझं लहानपण सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला काळ्या रानात गेलं. हुरड्याच्या दिवसांत आम्ही पोरं माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायचो, कारण थवा उतरला की तासाभरात ज्वारीच्या कणसांची पार चाळण व्हायची. पोपट शेतकऱ्याचं काय करतो हे मला कोणी सांगायला नको. एका वर्षी माझा थोरला भाऊ विहिरीवरच्या कडुनिंबावर चढला आणि ढोलीतून एक पिल्लू घेऊन खाली आला. घरात कोणी त्याला ओरडलं नाही, उलट कौतुक झालं. आजीने पिंजऱ्याला तारेचा आकडा केला, त्याला 'राम राम' म्हणायला शिकवलं, रोज भिजवलेली डाळ आणि हिरवी मिरची दिली. आमचा राघू अकरा वर्षं जगला. संध्याकाळी थवा घरावरून गेला की तो दांडीवर ताठ व्हायचा आणि जे ओरडायचा ते 'राम राम' नसायचं. थवा गेल्यावर कितीतरी वेळ तो गजांना चोच लावून बसून असायचा. वन्यजीव संरक्षणाचा कायदा यायला तेव्हा अजून काही वर्षं होती, त्यामुळे गुन्हा म्हणून नोंद कुठे होणार नाही. मी मात्र ती केली आहे.

आता तुमच्यापाशी माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार 'पोकळ' या शब्दाबद्दल आहे. फांदी तुटते, तिथे पावसाचं पाणी मुरतं, बुरशी लागते आणि खोडाचा मधला गाभा कुजतो. पण झाडाचा गाभा हा मुळातच मृत लाकडाचा असतो. जिवंत भाग असतो बाहेरच्या कड्यात, सालीच्या आत. तिथून पाणी वर चढतं आणि अन्न खाली उतरतं. म्हणून ढोल पडलेला वड शंभर वर्षं पालवत राहतो. पोकळ म्हणजे कमकुवत, असंही सरसकट म्हणता येत नाही. बांबू पोकळ असतो आणि वादळात उभा राहतो. वृक्षतज्ज्ञ बाहेरचं धडधाकट लाकूड खोडाच्या जाडीच्या मानाने किती उरलं आहे ते मोजतात, ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी तपासायची यंत्रं आता आपल्या देशातही आहेत. आमच्या रेन ट्रीची तपासणी म्हणजे एका कर्मचाऱ्याने रस्त्यावरून वर पाहिलं, एवढीच होती. मी गॅलरीत उभी होते. दीड मिनिट लागलं असेल.

आणि हे झाड खरोखर कशाने कमजोर होतं? बुंध्याला चिकटून ओतलेल्या काँक्रीटने, केबलसाठी खणताना तोडलेल्या मुळांनी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीची एक मीटर जागा मोकळी करायला सांगितली होती. आमच्या रस्त्यावर तेव्हापासून दोनदा काँक्रीट झालं आणि दोन्ही वेळा ते बुंध्याला जाऊन भिडलं. मुळं आपणच कापायची, झाड कलू लागलं की ढोलीकडे बोट दाखवायचं, हे बरोबर नाही.

पोपटाला ढोलीच का लागते, हे तुमच्यापैकी सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. पोपट घरटं विणत नाही. त्याची चोच बी फोडायला भक्कम असली तरी जिवंत लाकडात नव्याने बीळ कोरणं तिच्याच्याने होत नाही. तांबट किंवा सुतारपक्षी कोरून सोडून गेलेलं बीळ, नाहीतर गाभा कुजून आपोआप पडलेली ढोली, हेच त्याचं घर. तो फार तर तोंड कुरतडून मोठं करतो. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींतली भोकंही त्याला चालतात, पण वाडे पडून तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि नव्या इमारतीच्या भिंतीत भोक कोणी ठेवत नाही. या ढोलीसाठी त्याला साळुंकीशी, पिंगळ्याशी भांडावं लागतं. राखी धनेशालाही ढोलीच लागते. म्हणजे एक ढोली कापली की रांगेतले सगळेच बेघर होतात.

दुसरी तक्रार वेळेबद्दल. आपल्याकडे पोपटांची वीण साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते. तीन ते पाच अंडी, ती उबायला तीन आठवड्यांहून जास्त, मग पिल्लं उडेपर्यंत आणखी सहा-सात आठवडे. हिशेब करा. पिल्लं ढोलीत असतात ती मार्च, एप्रिल आणि मेमध्ये. तुमची पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि तोड कधी निघते? नेमकी एप्रिल-मेमध्ये. यात कोणाचा वाईट हेतू नाही हे मी जाणते. आर्थिक वर्ष संपतं, नव्या निविदा निघतात, जूनच्या आत काम उरकायचं असतं. पण या वेळापत्रकामुळे वर्षातल्या सगळ्यात वाईट वेळी करवत ढोलीपर्यंत पोचते. हेच काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये केलं तर झाड पुढच्या पावसाळ्यासाठी तितकंच सुरक्षित होतं.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं, हेसुद्धा त्या व्याख्येत शिकारच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपला साधा पोपट अनुसूची दोनमध्ये आला आहे. त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता मला सांगा, पिल्लं असलेली ढोली तुमच्या परवानगीच्या कागदावर कापली जाते तेव्हा ती या व्याख्येत बसते की नाही? केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ मध्ये महामार्गाच्या रुंदीकरणासाठी एक झाड घरट्यांसकट पाडलं आणि डझनावारी पक्षी आणि पिल्लं रस्त्यावर मरून पडली. तिथल्या वन विभागाने याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. झाडांचा कायदा पाळला म्हणून पक्ष्यांच्या कायद्यातून सुटका होत नाही, हे तुमच्या विधी विभागाकडून एकदा तपासून घ्या.

गोणीत गेलेली पिल्लं कुठे जातात, हेही सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून पोपट जप्त झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. लहान गावांत आठवडी बाजारात पाटीखाली झाकलेला पिंजरा असतो, ओळखीच्या गिऱ्हाईकाला तेवढा दाखवतात. पिल्लू जितकं लहान तितकं ते बोलायला शिकतं असा समज, म्हणून पिसं फुटायच्या आतच ते ढोलीतून काढतात. कोंबलेल्या टोपलीत, उन्हात, चुकीच्या खाण्यावर त्यातली बरीच वाटेतच मरतात. आणि जे जगतं ते एखाद्या घराच्या गॅलरीत माझ्या राघूसारखं दांडीवर बसून राहतं. पहाडी पोपटाला, ज्याच्या खांद्यावर लाल पट्टा असतो त्याला, तो मोठा असतो आणि स्पष्ट बोलतो म्हणून मागणी जास्त. तो आज जागतिक यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे.

चौथी तक्रार भरपाईच्या झाडांची. १९७५ च्या आपल्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलं गेलं, आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असं ठरलं. मी तेव्हा या दुरुस्तीचं मनापासून स्वागत केलं होतं, आजही करते. साठ वर्षांच्या रेन ट्रीबद्दल साठ रोपं, हिशेब चोख आहे. पण साठ रोपांत मिळून एकही ढोली नसते. ती पडायला पुन्हा काही दशकं जावी लागतात आणि तोपर्यंत ते झाड रस्त्यात येणार नाही याची हमी कोणी देत नाही. आमच्या रेन ट्रीबद्दलची रोपं शहराबाहेरच्या टेकडीवर लावली म्हणे. तारेवर बसून ओरडणाऱ्या त्या जोडीला त्याचा काय उपयोग?

एक लहान तक्रार जाता जाता. थवे रात्री ठरावीक झाडांवर वस्तीला येतात, शेकडोंनी. सणासुदीला नेमक्या त्याच मोठ्या झाडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या जातात, खिळे ठोकून. कृपा करून हे बंद करा.

यावर मला हमखास मिळणारं उत्तर असं : "अहो बाई, पोपट तर भरपूर आहेत, संध्याकाळी आकाश हिरवं होतं." खरं आहे. साधा पोपट आज धोक्यातल्या पक्ष्यांत गणला जात नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. पण थव्याकडे पाहून निर्धास्त होण्यात एक फसगत आहे. पोपट दीर्घायुषी पक्षी आहे. चिमणी दोन-चार वर्षांत संपते, पोपट वीस वर्षंही काढतो. एखाद्या शहरात ढोल्या संपल्या आणि नवी पिल्लं मोठी होणंच थांबलं, तरी म्हातारी जोडपी पुढची दहा-पंधरा वर्षं रोज संध्याकाळी आपल्या डोक्यावरून जातच राहतील. आपल्याला थवा दिसेल आणि वाटेल, सगळं ठीक आहे. तो विरळ झाल्याचं लक्षात येईल तेव्हा उशीर झालेला असेल.

अमेरिकेच्या पूर्व भागात कॅरोलिना पोपट होता. शेकडोंचे थवे. फळबागांचं नुकसान करतो म्हणून लोकांनी तो गोळ्या घालून मारला, आणि ज्या जुन्या पोकळ झाडांत तो राहायचा ती जंगलंही कापली. शेवटचा पक्षी २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागातला स्पिक्सचा निळा मकाव ओढ्याकाठच्या कराइबेइरा नावाच्या झाडांच्या ढोल्यांत वीण करायचा. ती जुनी झाडं कमी झाली, उरलेल्या ढोल्यांतून पिल्लं काढून विकली गेली, आणि २००० साली मोकळ्यावरचा शेवटचा एकटा नरही दिसेनासा झाला. पिंजऱ्यांत उरलेल्या पक्ष्यांपासून वाढवलेले काही मकाव २०२२ मध्ये पुन्हा तिथे सोडले. त्यासाठी किती वर्षं गेली आणि किती पैसा लागला याची कल्पना करा. वनस्पतीशास्त्राची मी, म्हणून एक सांगते : ते कराइबेइरा म्हणजे आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला शोभेसाठी लावतात ते पिवळ्या फुलांचं टॅबेबुया. तुमच्या रोपवाटिकांत असेल. जगात पोपटांच्या सुमारे ४०० जाती आहेत आणि त्यांतल्या चारांत एकीहून जास्त धोक्यात आहेत. बहुतेकींची कहाणी याच दोन गोष्टींवर येऊन ठेपते, ढोली गेली आणि पिल्लू गेलं.

लंडनमध्ये आपलाच पोपट मोकाट झाला आहे, असंही मला ऐकवतात. पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांची ती प्रजा आहे, तिथे तो परका आहे आणि तिथल्या लोकांची त्याच्याबद्दल वेगळी तक्रार आहे. पण तो तिथे टिकला कशावर? रिचमंड पार्कसारख्या बागांतल्या कित्येक शतकांच्या ओक वृक्षांवर, ज्यांच्या ढोल्या कोणी कापल्या नाहीत. आपल्या पक्ष्याला ढोली तिथे मिळते आणि इथे मिळत नाही, हे वाचताना मला बरं वाटलं नाही.

माणसाच्या जिवापेक्षा पोपट मोठा आहे का, असं कोणी विचारेल. नाही. पावसाळ्यात झाड पडून माणसं दगावतात, ते दुःख मी जवळून पाहिलं आहे, आमच्याच शाळेच्या एका शिपायाचा मुलगा तसा गेला. जे झाड खरंच पडणार आहे ते उतरवा. माझं म्हणणं इतकंच की 'खरंच' हा शब्द तपासून वापरा, आणि उतरवायचं ते पिल्लं उडून गेल्यावर उतरवा. थांबता येत नसेल, तर वर चढणाऱ्याच्या हातात गोणी असू नये, खाली वन विभागाचा माणूस उभा असावा.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. १५ जानेवारी ते ३१ मे या काळात ढोली असलेल्या झाडाची तोड किंवा मोठी छाटणी होऊ नये. पावसाळ्यापूर्वीची कामं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उरकावीत आणि निविदांचं वेळापत्रक त्याप्रमाणे बदलावं.

२. ज्या झाडाने त्या काळातच धोका निर्माण केला आहे, त्याची ढोली पक्षी जाणणाऱ्या माणसाने आधी तपासावी. आत अंडी किंवा पिल्लं असतील तर रस्ता अडवून, फांद्या हलक्या करून, खोडाला आधार देऊन काही आठवडे काढता येतात का ते पाहावं. नाहीच जमलं तर वन विभागाला बोलावून त्यांच्या देखत काम व्हावं. त्यांचा १९२६ हा क्रमांक प्रत्येक ठेकेदाराच्या कार्यादेशावर छापावा.

३. झाडांच्या गणनेत जात, घेर, उंची, प्रकृती हे रकाने असतात. त्यात 'ढोली' हा एक रकाना घाला. नोटिशीवरही तो असावा, म्हणजे हरकत घेणाऱ्याला आधीच कळेल.

४. 'पोकळ' एवढ्याच कारणावर झाड तोडायला परवानगी देऊ नये. बाहेरचं लाकूड मोजल्याचा लेखी अहवाल सोबत जोडावा आणि तो लोकांना पाहायला मिळावा.

५. जिथे खाली रहदारी किंवा घर नाही, तिथे झाड मुळापासून न काढता शेंडा उतरवून खोड राखावं. बागेच्या कोपऱ्यातलं, शाळेच्या मैदानाकडेचं, स्मशानातलं बोडकं खोड पुढे कित्येक वर्षं पोपटाला, पिंगळ्याला, साळुंकीला पुरतं.

६. ठेकेदाराच्या करारात एक कलम हवं : ढोलीतलं अंडं किंवा पिल्लू हलवलं, नेलं किंवा विकलं तर ठेका रद्द आणि वन विभागाकडे तक्रार. काम सुरू होण्याआधी तोडणाऱ्या मुलांना हे त्यांच्या भाषेत, समोर बसवून सांगावं. आणि ज्याने पिल्लू जपून वन विभागाकडे सोपवलं त्याला त्या दिवसाची जादा मजुरी द्यावी. गोणीतल्या पिल्लाला भाव आहे, मग वाचवलेल्या पिल्लालाही असू द्या.

७. तुमच्या समितीवर पक्ष्यांचा अभ्यास असलेला निदान एक सदस्य घ्या. प्रत्येक शहरात अशी माणसं आहेत, पहाटे दुर्बीण घेऊन तळ्याकाठी उभी असतात. बोलावलंत तर मानधन न घेता येतील.

८. बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडा. हे मी शेवटी लिहिलं असलं तरी सुरुवात इथूनच केली तर धोकादायक झाडांची यादी आपोआप आखूड होईल.

यातल्या कुठल्याही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. बहुतेक बाबी तुमच्या एका ठरावाने होतात.

आता त्या कडुनिंबाबद्दल. हरकतीची मुदत संपायला चार दिवस आहेत. मी हरकत दिली आहे, पोचपावती माझ्याकडे आहे, गल्लीतल्या सव्वीस घरांच्या सह्या जोडल्या आहेत. सुनावणी लावलीत तर मी येईन. ढोली जमिनीपासून साधारण वीस फुटांवर आहे, तोंड पूर्वेला. मादी गेले नऊ दिवस आत बसते आहे. सकाळी सव्वासातच्या सुमारास नर येतो, शेजारच्या फांदीवर बसून हळू आवाजात बोलावतो, ती तोंडाशी येते आणि तो तिला भरवतो. समोरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावरून सगळं स्पष्ट दिसतं. तुमच्यापैकी कोणी आलात तर दुर्बीण मी आणते.

कळावे,
आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका